आगमनकाळाचे चार रविवार लहान मंडळीत कसे पाळता? (खानापूर-बेळगाव-निपाणी भाग)

मलप्रभाकाठ | १० नोव्हेंबर २०२५

सर्वांना सलाम.

खानापूर तालुक्यातल्या एका लहान ख्रिस्ती मंडळीतून लिहितोय. आम्ही मेथडिस्ट, प्रॉटेस्टंटांमधला एक पंथ. घरं चाळीसच्या आसपास, पण त्यातली बरीच वर्षभर कुलपात असतात. तरणी पोरं पुण्याला, गोव्याला, बेंगळुरूला. पाळकसाहेबांकडे आमच्यासकट चार गावं आहेत, त्यामुळे बऱ्याच रविवारी उपासना आम्हीच चालवतो. कुणी शास्त्र वाचतं, कुणी प्रार्थना करतं, उपदेशाच्या जागी एखादा वडीलधारा चार शब्द बोलतो.

यंदा आगमनकाळाचा, म्हणजे नाताळच्या आधीच्या तयारीच्या चार रविवारांतला, पहिला रविवार ३० नोव्हेंबरला आहे. संत आंद्रियाच्या दिवसाला सगळ्यात जवळचा रविवार धरतात, म्हणून तो दरवर्षी २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या मध्येच येतो. यंदा नेमका त्याच दिवशी पडलाय. मग ७, १४, २१ डिसेंबर आणि गुरुवारी नाताळ.

परवा कमिटीत यावर बराच वेळ बोलणं झालं. काहींचं म्हणणं असं की चार रविवार वेगळे पाळायचे कशाला, तेव्हा माणसंच नसतात. भातकापणी उरकलेली असते पण मळणी चालू असते, ऊसतोड लागलेली असते. सगळा जोर २४ची रात्र आणि २५ची सकाळ यावर लावू, गाव भरलेलं असतं, वर्गणीही जमते.

मला हे पटत नाही आणि का पटत नाही ते इथं मांडतो. गावात जे राहिलेत, म्हातारी माणसं, शाळेची पोरं, मळणीवर जाणाऱ्या बाया, तीच आमची मंडळी आहे. पावसाळ्यात चर्चचं कौल फुटलं तर वर चढणारे तेच, कुणी गेलं तर खड्डा खणणारे तेच. नाताळ पाहुण्यांच्या सोयीनं ठरवायचा आणि या लोकांच्या वाट्याला फक्त झाडलोट आणि सतरंज्या, हे बरोबर नाही. चार रविवार हा त्यांचा सण आहे. शिवाय २४ला पोरं येतात ती कशाला येतात? गावात आधीपासून काहीतरी चालू आहे म्हणून येतात. ते चालू ठेवणारं कुणी नसेल तर दहा वर्षांनी २४लाही कोण येणार नाही.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पाळक नसताना आगमनकाळाच्या रविवारी तुम्ही काय करता? मराठी घरं आणि कन्नड घरं एकाच मंडळीत असतील तर उपासना कुठल्या भाषेत? आणि कॅरोलला, म्हणजे नाताळची गाणी म्हणत घरोघर फिरायला, फक्त ख्रिस्ती घरीच जाता की गावभर?

कॅम्पातली अक्का | १० नोव्हेंबर

सलाम दादा. भाषेचं आधी सांगते, कारण त्यावरनं मंडळ्या फुटलेल्या मी बघितल्यात.

आपल्याकडे मिशनचं काम सुरू झालं तेव्हापासूनच एक भाषा नव्हती. लंडन मिशनचे जोसेफ टेलर १८२०मध्ये बळ्ळारीच्या बाजूनं बेळगावला आले, म्हणजे कन्नड मुलखातून आले. छावणीत तमिळ माणसं होती, पेठेत मराठी, आजूबाजूच्या गावांत दोन्ही. १८३२ची शाळा, जी आज बेनन स्मिथ म्हणून आहे, ती याच कामातली. १९०४मध्ये लंडन मिशननं इथलं काम मेथडिस्टांच्या हाती दिलं, तेव्हाही मंडळी अशीच मिसळलेली होती. १९५६ला राज्यांच्या सीमा बदलल्या, पाट्या बदलल्या, शाळांची माध्यमं बदलली, पण रविवारी बाकावर शेजारी बसणारी घरं तीच राहिली. आता त्यांच्यासाठी सकाळी आठची मराठी आणि दहाची कन्नड अशी वाटणी केली की लहान मंडळीच्या दोन आणखी लहान मंडळ्या होतात. मोठ्या शहरी चर्चला ते झेपतं. चाळीस घरांना झेपत नाही.

आमच्या ओळखीच्या एका मंडळीत असं करतात: जुन्या करारातला उतारा कन्नडमध्ये, शुभवर्तमान मराठीत. पुढच्या रविवारी उलट. तोच उतारा दोनदा वाचत नाहीत, नाहीतर पोरं कंटाळतात आणि मोठी माणसं दुसऱ्या वाचनाला घड्याळ बघतात. ज्याला भाषा कमी कळते तो आपल्या पवित्र शास्त्रात तो अध्याय उघडून बसतो. यशयाचा नववा अध्याय आणि लूकचा दुसरा कुणाला माहीत नाही?

गाण्यांचं तर सोपं आहे. परदेशी चालीवरची जी गीतं आहेत ती दोन्ही भाषांत त्याच चालीवर आहेत. ज्यानं त्यानं आपल्या भाषेत, पण एकाच वेळी म्हणायचं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला गोंधळ वाटतो, दुसऱ्या कडव्यापासून कान बसतो.

निपाणीची सून | ११ नोव्हेंबर

अक्का, चालीवरून एक सांगू का? माझं माहेर नगरचं. तिकडे नाताळ म्हणजे भजन आणि कीर्तन. पेटी, तबला, टाळ, आणि कीर्तनकार उभा राहून योसेफ-मरीयेचा बेथलेहेमचा प्रवास असा सांगायचा की बायका पदराला डोळे पुसायच्या. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा. त्यांच्या आधीपासून नगरकडे ख्रिस्ती कीर्तनं होत होती, आणि टिळकांनी तर अभंग-ओवीतून ख्रिस्त गायला. ही आपल्या मातीतली पदं आहेत, ती परदेशी चालीच्या गीतांबरोबर बाजूला पडू देऊ नका. कन्नड घरांना ती पाठ नसतील तर शिकवा. निपाणीला आमच्याकडे कन्नड घरातली एक आजी टाळ हातात घेतली की आमच्याहून सरस म्हणते. तिला मराठी वाचता येत नाही, नातीनं कन्नड लिपीत लिहून दिलंय.

आता माझा मूळ मुद्दा. दादा, तुम्ही म्हणता चार रविवार हा गावात राहिलेल्यांचा सण. पण त्यातल्या बायकांचं काय होतं ते सांगते. दुसरा रविवार झाला की घरोघरी फराळाची घाई. करंज्या, शंकरपाळी, चकल्या, चिवडा, लाडू, कुणाकडे अनारसे. दिवाळीत शेजाऱ्यांनी आपल्याला दिलेलं असतं, त्याची परतफेड करायची असते, म्हणून डबे जास्तच भरावे लागतात. चौथ्या रविवारी चर्चमध्ये बघा, बायका किती असतात. मी सासरी आले तेव्हापासून कित्येक वर्षं चौथा रविवार तळणीपुढे गेला. मरीयेची गोष्ट ज्या रविवारी वाचतात त्याच रविवारी मंडळीतल्या बाया घरी. याचं मला खरंच वाईट वाटतं.

म्हणून आमच्या महिला मंडळानं फराळ चर्चच्या आवारात आणला. तिसऱ्या रविवारी उपासना झाली की तिथंच चुली. सारण घरून करून आणायचं, करंज्या भरणं आणि तळणं एकत्र. पुरुषांनी पीठ मळायचं आणि जळण बघायचं, पोरांनी शंकरपाळी कापायची. घरोघरचे डबे तिथंच भरून जातात. जी आजी एकटी आहे, जिच्याकडे तळायला कुणी नाही, तिचाही डबा भरतो. चौथा रविवार सगळ्यांना मोकळा.

मलप्रभाकाठ | ११ नोव्हेंबर

ताई, हे मी उद्याच कमिटीत मांडतो. चौथ्या रविवारी बायका कमी असतात हे आम्ही दरवर्षी बघतो आणि थंडीवर ढकलतो.

चंदगडी | ११ नोव्हेंबर

मी सीमेच्या पलीकडचा, चंदगड तालुक्यातला, आणि कॅथलिक. १९५३ला बेळगाव धर्मप्रांत झाला तेव्हापासून आमचं नातं बेळगावशी. बाजार बेळगावचा, दवाखाना बेळगावचा, फादरही तिकडूनच येतात.

आमच्याकडे आगमनकाळ जरा कडक असतो. जांभळा रंग, वेदीवर फुलं कमी, रविवारच्या मिस्सामध्ये (आमच्या उपासनेत) ग्लोरिया, म्हणजे देवाच्या गौरवाचं स्तोत्र, म्हणत नाहीत. तो थेट नाताळच्या मिस्साला म्हणतात, आणि इतके दिवस न म्हटल्यामुळे तेव्हा अंगावर काटा येतो. तिसऱ्या रविवारी मात्र गुलाबी रंग, तो आनंदाचा रविवार. १६ डिसेंबरपासून नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना. तुमच्यासारखाच आमच्याकडेही फादरांना सगळ्या वाड्यांवर पोचता येत नाही, म्हणून नोव्हेना घरोघरी करतो, एका दिवशी एक घर. त्या घरानं दिवा लावायचा आणि चहा द्यायचा, बाकी काही नाही. खाण्याचं बंद केलं, कारण त्यात चढाओढ लागली होती आणि गरीब घरं आपला दिवस मागेनाशी झाली होती. हे तुम्हीही आधीच ठरवून घ्या. लहान मंडळीत सगळ्यात लवकर बिघडतं ते इथंच.

येशूच्या जन्माचा गोठा मांडायचं काम पोरांचं. आसिसीच्या संत फ्रान्सिसनं १२२३मध्ये ग्रेच्चोला खरा बैल आणि गाढव उभं करून गोठा दाखवला, तिथून ही रीत पसरली. आपल्याला तर बैल शोधायला नको. पिंजर नवीन भाताचं, माती ओढ्याची, डोंगरासाठी गोणपाट. बाळ मात्र २४च्या रात्रीपर्यंत ठेवत नाही. गव्हाण रिकामी असते, आणि लहान पोरं येता-जाता वाकून बघतात की आलं का. तीन राजे लांब, दाराजवळ ठेवतो आणि रोज थोडे थोडे पुढे सरकवतो, ६ जानेवारीला ते पोचतात.

राणी चन्नम्मावाला | १२ नोव्हेंबर

मी बेंगळुरूला नोकरीला. वरती जी कुलपातली घरं म्हटली त्यातलं एक आमचं. थोडं आमच्या बाजूनंही ऐका.

सुट्टी २४पासून मिळते. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसचं तिकीट नाताळच्या आठवड्यात मिळणं सोपं नाही. चार रविवार आम्हाला येता येत नाही, पण म्हणून आम्ही पाहुणे आहोत असं नाही. गावात आल्यावर आम्हाला खुर्चीवर बसवतात आणि सगळं आधीच ठरलेलं असतं, ते जास्त लागतं. मी कमिटीला म्हटलो होतो, लांबून करण्यासारखं काम आम्हाला द्या. कॅरोलची यादी आताच कळवा, आम्ही इकडं सराव करतो. आम्ही पाच-सहा जण गिटार, कीबोर्ड वाजवणारे आहोत. आमच्यातल्या बऱ्याच जणांना मराठी बोलता येतं पण वाचता येत नाही, कन्नड नाहीतर इंग्रजी माध्यमात शिकलो. ताईंनी सांगितलं तसं कन्नड लिपीत लिहून आणि एकदा गाऊन मोबाईलवर पाठवा. मग टिळकांची पदंसुद्धा म्हणू.

मलप्रभाकाठ | १२ नोव्हेंबर

तुझं बरोबर आहे. काम मागणाऱ्याला काम द्यायलाच पाहिजे. २४च्या रात्रीची चार गीतं तुम्हा लोकांकडे, त्यातली दोन पेटीवरची. यादी या आठवड्यात पाठवतो.

मात्र एक विनंती. २४ला मोठे स्पीकर आणायचं डोक्यात असेल तर ते नको. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकरला मनाई आहेच, नियम २०००चा आहे. आणि नियम नसता तरी आमचं चर्च एवढं लहान आहे की मागच्या बाकावर कुजबुजलेलं पुढं ऐकू येतं. तिथं माणसाचा आवाज पुरतो.

गणेशपूरचा शेजारी | १२ नोव्हेंबर

मी ख्रिस्ती नाही, पण तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडून मिळायला हवं असं वाटलं म्हणून लिहायलोय.

माझं बालपण खानापूर भागातल्या आजोळी गेलं. तिथं कॅरोलवाले गावभर यायचे. पुढं गॅसबत्ती, मागं बांबूच्या काड्यांचा पतंगी कागद लावलेला तारा, ढोलकी आणि झांज. आजी दार उघडून ओसरीवर घोंगडं टाकायची. एक गाणं, एक छोटी प्रार्थना, त्या घरातल्या आजारी माणसाचं नाव घेऊन. मग गूळ-शेंगदाणे. माझ्या आजोबांना दम्याचा त्रास होता, त्यांच्यासाठी दरवर्षी नाव घेऊन प्रार्थना व्हायची, आणि ते वाट बघायचे, हे मी सांगू शकतो. नंतर कधीतरी येणं थांबलं. कारण मला कुणी सांगितलं नाही. हल्लीचं वातावरण बघता कुणी काय म्हणेल अशी भीती असावी.

माझं म्हणणं एवढंच, शेजाऱ्यांना आधी विचारा. जे या म्हणतील त्यांच्याकडे नक्की जा. यंदा ४ डिसेंबरला दत्तजयंती आहे, त्या आठवड्यात गावात गडबड असेल, त्यानंतरचे दिवस धरा. डिसेंबरात बेळगावला सुवर्ण विधानसौधात अधिवेशन असतं, तेव्हा तिकडून येणाऱ्या गाड्यांना उशीर होतो, तोही हिशोब ठेवा. आणि जंगलालगतच्या वाड्यांवर रात्री चालत जाऊ नका, गवे रस्त्यावर येतात. माझा टेम्पो आहे, एक संध्याकाळ मी देतो.

कॅम्पातली अक्का | १३ नोव्हेंबर

दादा, तुमच्यासारखे शेजारी आहेत म्हणूनच आमच्या लहान मंडळ्या टिकल्यात. मनापासून सांगते.

जायच्या आधी विचारणं हे फार चांगलं. आमच्या वडिलांच्या काळी विचारावं लागत नव्हतं, आता विचारायचं, त्यात कमीपणा नाही. घरात शिरल्यावर त्या घराच्या सुखदुःखाची चौकशी करायची, गाणं म्हणायचं, प्रार्थना नको असेल तर नाही करायची. वर्गणीचा डबा शेजाऱ्यांच्या दारात काढायचा नाही. तो आपापल्या घरांपुरता.

शाळामास्तर, हुक्केरी | १३ नोव्हेंबर

आगमनकाळात दर रविवारी एकेक मेणबत्ती लावतात, त्या मेणबत्त्यांच्या चक्राबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. रविवारच्या शाळेत मी हे मुलांना सांगतो आणि त्यांना फार आवडतं.

जर्मनीत हॅम्बुर्गला योहान विखर्न नावाचे एक पाळक होते, त्यांनी गरीब मुलांसाठी आश्रम चालवला होता. मुलं डिसेंबर लागला की रोज विचारायची, नाताळ कधी? १८३९मध्ये त्यांनी गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, रोजच्यासाठी लहान आणि रविवारसाठी चार मोठ्या पांढऱ्या. मुलं मोजत बसायची. पुढं लहान मेणबत्त्या गेल्या आणि चार राहिल्या. म्हणजे ही गोष्ट मूळची मोठ्या चर्चची नाही, घर नसलेल्या मुलांची आहे. म्हणून ती लावायचं काम मुलांकडेच द्या.

आणि बाजारातलं प्लास्टिकचं हिरवं चक्र आणू नका. खानापूर भागात आता भात निघतंय. लोंब्यांची जाड वेणी वळून कडं करा, मध्ये चार मेणबत्त्या पितळी ताटात उभ्या करा, लोंब्यांपासून लांब, पेट घेईल. आपल्या शेतातलं पहिलं भात असं वेदीपुढे चार आठवडे राहतं. नाताळनंतर ते मळून ज्याच्या घरी कमी आहे त्याला द्यायचं.

पाळक नसलेल्या रविवारी काय करायचं याचंही उत्तर यात आहे. मेणबत्ती लावणाऱ्या मुलाच्या घरानं त्या दिवशीची उपासना चालवायची. आजोबा प्रार्थना करतील, आई वाचेल, मुलगा मेणबत्ती लावेल. उपदेश नसला तर नसला. पहिल्या रविवारी यशया, दुसऱ्या रविवारी योहान बाप्तिस्मा करणारा, चौथ्या रविवारी मरीया. एवढं वाचून पाच मिनिटं शांत बसलं तरी मंडळी भरल्यासारखी वाटते.

मलप्रभाकाठ | १७ नोव्हेंबर

काल कमिटी पुन्हा बसली. तुम्ही लिहिलेलं मी सगळं वाचून दाखवलं, मराठीत, आणि आमच्या एका अण्णांनी कन्नड घरांसाठी तिथंच सांगितलं.

चारही रविवार पाळायचं ठरलंय. सगळे खूश नाहीत. खजिनदारांचं अजून म्हणणं आहे की २५च्या प्रीतिभोजनाला पैसे कमी पडतील, आणि त्यांची काळजी खोटी नाही. म्हणून रविवारचा खर्च शून्य ठेवलाय. भाताच्या लोंब्या दोन घरांतून येतील, मेणबत्त्या दिवाळीच्या उरलेल्या.

पहिला रविवार आमच्यातल्या सगळ्यात थकलेल्या आजींच्या घराकडे दिलाय. त्यांना चर्चपर्यंत चालवत नाही, तर त्या दिवशी उपासना त्यांच्या अंगणात. ७ डिसेंबर हा महिन्याचा पहिला रविवार, पाळकसाहेब येणार, प्रभुभोजन आहे. १४ला चर्चच्या आवारात फराळ. ताई, पुरुषांनी पीठ मळायचं यावर थोडी कुरकुर झाली, पण आमच्या दोन तरुण सुनांनी ठाम सांगितलं की मळलं नाही तर करंज्याही नाहीत. २१चा रविवार कन्नड घराकडे, यशया मराठीत आणि लूक कन्नडमध्ये.

कॅरोलला शेजारची घरं विचारून झाली. वीसेक घरांनी या म्हटलंय. त्यातल्या एका घरात म्हातारबाबा अंथरुणावर आहेत, त्यांच्या सुनेनं स्वतःहून निरोप पाठवला की आमच्याकडे आधी या, त्यांना लवकर झोप लागते. गणेशपूरचे दादा, टेम्पो १८ डिसेंबरला संध्याकाळी लागेल. डिझेल आमच्याकडं.

२४च्या रात्री पाळकसाहेब शेजारच्या गावी असतील, आमच्याकडे २५ला पहाटे प्रभातफेरीनंतर. तर २४ची सगळी उपासना आमचीच. त्या रात्रीसाठी आम्हाला टिळकांची दोन पदं कन्नड लिपीत लिहिलेली हवी आहेत, मोठ्या अक्षरात, म्हाताऱ्यांनाही दिसतील अशी. आमच्यात तसं सुवाच्य लिहिणारं कुणी नाही.

निपाणीची सून | १७ नोव्हेंबर

मी सांगितलेल्या आजीच्या नातीला विचारलं. ती लिहून देते म्हणाली, परीक्षा शनिवारी संपते तिची. पदांचे कागद कॅम्पातल्या अक्कांकडे पाठवू का? निपाणीहून खानापूरला थेट पोचवणं अवघड आहे.

कॅम्पातली अक्का | १७ नोव्हेंबर

पाठव. मी झेरॉक्स काढून सोमवारच्या सकाळच्या बसनं खानापूरला देते. स्टँडवर कुणीतरी उभं राहायला पाहिजे.

मलप्रभाकाठ | १७ नोव्हेंबर

मी असतो. बसचा नंबर तेवढा कळवा. बेंगळुरूवाल्या, तुला त्याच दिवशी फोटो पाठवतो, चाल आमच्या पेटीवाल्या काकांकडून रेकॉर्ड करून.